आवाजाचा लगाम कानाकडे
(रौप्यमहोत्सवी आरोग्य शिबिरातील भाषण)



चिटणीसांनी मला ‘कानांची काळजी’ हा विषय दिला. मी वाचा-श्रवणतज्ज्ञ आहे, म्हणून त्यात एक भर घालते. कान ऐकण्यासाठी असतात, तसेच बोलण्यासाठीही असतात.

घरी करून बघा. मुलाने हेडफोनवर मोठ्याने गाणं लावलं असेल तेव्हा त्याला काहीतरी विचारा. उत्तर ओरडून येईल आणि आपण ओरडलो हे त्याला कळणारही नाही. ढोल-ताशा सुरू झाला की आपलाही आवाज असाच चढतो. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ मध्ये ही गोष्ट मांडली. आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

असं का होतं? आपण बोलतो तेव्हा तो आवाज कसा ऐकू यायला हवा, याचा अंदाज मेंदूने आधीच बांधलेला असतो. कानातून आलेला आवाज तो त्याच्याशी ताडून बघतो आणि फरक वाटला की घशाच्या स्नायूंना लगेच दुरुस्ती करायला लावतो. प्रयोगात माणसाला त्याचाच आवाज हेडफोनमधून किंचित वरच्या पट्टीत ऐकवला, तर तो नकळत पट्टी उतरवतो. तोच आवाज सुमारे ०.२ सेकंद उशिरा ऐकवला, तर चांगला वक्ताही अडखळायला लागतो.

आता आपल्या घरांकडे येऊ. आजोबा फोनवर मोठ्याने बोलतात आणि आपण म्हणतो, “अहो बाबा, हळू! सगळ्या विंगला ऐकू जातंय.” त्यांच्या कानाची नस कमजोर झाली असेल, तर त्यांना स्वतःचाच आवाज कमी ऐकू येतो. त्यात हट्ट नाही की चिडचिड नाही. वयोमानाने आधी जातात ते बारीक, उंच स्वर. त्यामुळे स, श, फ यांची धार बोथट होते. “ऐकू येतं रे, पण कळत नाही,” असं ते म्हणतात, ते अगदी खरं असतं. अशा वेळी ओरडून उपयोग नाही. टीव्ही बंद करा, समोर बसा, सावकाश बोला. आणि कानांची तपासणी करून घ्या.

दुसरी गोष्ट तान्ह्या बाळांची. ऐकू न येणारं बाळही रडतं, हुंकार देतं, म्हणून घरात शंका येत नाही. पण ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी बडबड साधारण दहा महिन्यांपर्यंत सुरू झाली नाही, तर थांबू नका. “आमच्याकडे सगळी उशिराच बोलतात,” या वाक्यात मोलाचे महिने जातात. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, हा नियम लक्षात ठेवा. चाचणी झोपलेल्या बाळावरही होते, दुखत नाही. लहान वयात मेंदू भाषा झपाट्याने उचलतो. श्रवणयंत्र किंवा कॉक्लियर इम्प्लांट जितकं लवकर, तितकी वाचा मोकळी.

शेवटी कार्यकारिणीला एक विनंती. दरवर्षी शिबिरात बीपी आणि शुगरची टेबलं असतात. पुढच्या वर्षीपासून कानतपासणीही ठेवूया. तिला फक्त एक शांत खोली लागते. ऑफिसमागची खोली चालेल, पंप बंद ठेवला तर!