नोटिशीचा कागद आणि हक्काचा पैसा



या व्यासपीठावरून आपण काव्य, इतिहास, अध्यात्म ऐकत आलात. आम्ही आकडेमोड घेऊन उभे आहोत, तेव्हा रसिकांनी तासभर सांभाळून घ्यावे. चिखलीच्या कितीतरी घरांतले मुलगे वाळूज, चाकणच्या कारखान्यांत आहेत. काम सुटल्याची बातमी प्रथम येथेच पोहोचते आणि मग आईबाप आम्हांस विचारतात, “महिन्याचा पगार देऊन पाठविले, हिशेब मिटला ना?”

मिटला नाही. महिन्याचा पगार ही नोटिशीची किंमत झाली. केलेल्या वर्षांची भरपाई निराळी.

ही भरपाई कशी पदरात पडली त्याची हकीकत ऐकण्याजोगी आहे. मिरज, पंढरपूर, बार्शी, लातूर अशी बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी धावत असे. सरकारने ती १ जानेवारी १९५४ पासून ताब्यात घेतली. तत्पूर्वी, नोव्हेंबर १९५३ मध्ये, कंपनीने सरसकट सर्व कामगारांस कळविले की ३१ डिसेंबरला तुमची नोकरी संपते. छाटणीच्या भरपाईचे कलम औद्योगिक विवाद कायद्यात २४ ऑक्टोबर १९५३ पासून, म्हणजे नुकतेच आले होते. कामगारांनी भरपाई मागितली. २७ नोव्हेंबर १९५६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की चालू धंद्यातली जास्तीची माणसे कमी करणे म्हणजे छाटणी. धंदाच बंद पडला वा दुसऱ्याकडे गेला तर ती छाटणी नव्हे. एका शब्दावर दावा गेला! पुढे १९५७ साली संसदेने कायदा सुधारून बंद पडलेल्या कारखान्यांतील कामगारांसही भरपाई दिली. परंतु तिचा अंमल २८ नोव्हेंबर १९५६ पासून, निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून. ज्यांनी भांडण लढविले ते बार्शीचे गडी बाहेरच राहिले.

शब्दाचे मोल आजही तेच आहे. फक्त आज तो शब्द ‘राजीनामा’ असा आहे. एका कारखान्यातून आमच्याकडे आलेल्या तरुणाच्या हाती छापील कागद होता: मी स्वखुशीने काम सोडीत आहे, माझे काही येणे नाही. खाली सहीपुरती जागा कोरी. स्वखुशीने गेलेल्यास छाटणीची भरपाई मिळत नाही, हे मालकाच्या कारकुनास पक्के ठाऊक असते. सही करू नये. “घरी वाचून सांगतो” एवढे म्हणावयास कायद्याची पदवी लागत नाही. आम्हांसही ती नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली आहे. मूळ हिशेब मात्र टिकला. एक वर्ष, म्हणजे बारा महिन्यांत २४० दिवस काम भरलेले असले, की कारणासह एक महिन्याची लेखी नोटीस वा तिचा पगार. शिवाय प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार. सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरावयाचा. तीनशे वा अधिक कामगारांच्या कारखान्यात तीन महिन्यांची नोटीस आणि सरकारची आगाऊ परवानगी लागते. पूर्वी हा आकडा शंभर होता. तो वाढविला हे आम्हांस मुळीच मान्य नाही.

उदाहरण घ्या. पगार १५,६०० रुपये, नोकरी आठ वर्षे सात महिने, म्हणून नऊ वर्षे. नोटिशीचे १५,६००. भरपाई ७,८०० गुणिले नऊ, म्हणजे ७०,२००. ग्रॅच्युइटी निराळी, तिथे महिना सव्वीस दिवसांचा धरतात, म्हणून वर्षाला ९,००० प्रमाणे ८१,०००. एकूण १,६६,८०० रुपये. त्या तरुणाच्या पगाराचा आणि वर्षांचा हिशेब हाच होता, आणि त्याला १५,६०० देऊन सही मागितली होती.

पैसा केव्हा द्यावयाचा? मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील दोन सेविकांच्या प्रकरणात १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कामावरून काढतानाच भरपाई दिली पाहिजे, नाहीतर काढणेच बेकायदा. “पुढच्या महिन्यात या” हे उत्तर चालत नाही.

२४० दिवस सिद्ध करणे मात्र कामगाराच्या गळ्यात पडते. ठेकेदाराच्या माणसांचे तेथेच अडते. हजेरीकार्ड, पगारचिठ्ठी, भविष्यनिर्वाह निधीचा उतारा, बँकेचे पासबुक ट्रंकेत जपून ठेवावे. मोबाइलमधील फोटोही उपयोगी पडतो. तडजोड न झाल्यास प्रथम सलोखा अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. पंचेचाळीस दिवसांत निकाल लागला नाही तर न्यायाधिकरणाकडे जाता येते. पण काढल्यापासून दोन वर्षांच्या आत. पूर्वी तीन होती.