खाडीकाठचं गोडं पाणी

घणसोली गावाच्या पश्चिमेला ठाण्याची खाडी, पूर्वेला गवळीदेवचा डोंगर आणि पावसाळ्यात धो धो पाऊस. इथे वाळवंटी शहराची गोष्ट कशाला, असं वाटेल. पण खाडी खारी आणि पाऊस चारच महिन्यांचा. नवी मुंबईची भिस्त आहे ती खालापूर तालुक्यातल्या मोरबे धरणावर. धावरी नदीचं हे पाणी भोकरपाड्याला शुद्ध होतं आणि लांबच लांब जलवाहिनीतून शहरात येतं. सप्टेंबरपर्यंत जे साठलं, तेच पुढच्या पावसापर्यंत पुरवायचं.

आता ती वाळवंटी शहराची गोष्ट. नामिबियाची राजधानी विंडहुक नामिब आणि कलहारी या दोन वाळवंटांच्या मधोमध वसली आहे. जवळ बारमाही नदी नाही. तिथे १९६८ पासून सांडपाणी शुद्ध करून थेट पिण्याच्या पाण्यात मिसळतात.

आपल्याला तितकं टोकाला जायला नको. महापालिकेने कोपरखैरणे आणि ऐरोलीत सांडपाण्यावर तिसऱ्या टप्प्याची प्रक्रिया करणारी केंद्रं उभारली आहेत. ते पाणी एमआयडीसीतल्या कारखान्यांसाठी. माझ्या मते हे फार शहाणपणाचं काम आहे. यंत्रं थंड करायला धरणाचं गोडं पाणी का दवडायचं?

घरचं काम मात्र आपलंच. गच्चीवरची टाकी ओसंडत असेल तर आजच बॉलकॉक बदला. गाड्या पाइपने धुऊ नका, बादली घ्या. आणि गावठाणात जुनी विहीर उरली असेल, तर तिच्यात कचरा पडू देऊ नका.