दूध का सोसेनासे होते?



आमच्या पंगतीत बासुंदीचा आग्रह मोडणारा नखरेल ठरतो. आम्हीही तसेच मानीत असू. पुढे साठीत पेलाभर दुधाने आमच्याच पोटात गुडगुडू लागले! दुधातील लॅक्टोज ही शर्करा लहान आतड्यातील लॅक्टेज हे पाचकद्रव्य फोडते. बाळपण सरल्यावर ते बहुतेकांत ओसरते. जगातील सुमारे दोनतृतीयांश प्रौढांची हीच स्थिती आहे. न पचलेली शर्करा मोठ्या आतड्यात जंतूंमुळे आंबते. त्यातून वायू, कळा, जुलाब. हा रोग नव्हे, नखरा तर नव्हेच. विरजणाचे जंतू ही शर्करा काही अंशी आधीच फस्त करतात, म्हणून दही-ताक बहुधा सोसते. तेव्हा नव्या सुनेने दुधाचा पेला परत केला, तर सासूबाईंनी रुष्ट न होता तिच्यापुढे ताक ठेवावे.