एडवण किनाऱ्यावरील आमचीं आरोग्यव्याख्यानें



आम्ही भौतिकोपचार करणारीं माणसें. लोक या विद्येस ‘फिजिओथेरपी’ याच नांवानें ओळखतात, आणि पुष्कळांची समजूत अशी कीं, हें मालिशीचेंच एक सुधारलेलें रूप होय. वस्तुतः व्यायाम, हालचाल व योग्य सवयी यांच्या योगें शरीराचें गेलेलें बळ परत आणणें हें आमचें काम. १९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्यानें या विद्येची शाळा निघाली, तेव्हां पोलिओनें पांगळीं झालेलीं मुलें ही मोठीच चिंता होती. निसर्गतः पसरणाऱ्या पोलिओचा भारतांतील शेवटचा रोगी २०११ च्या जानेवारींत आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजीं देश त्यापासून मुक्त झाल्याचें जाहीर झालें. आतां आमच्यापुढें येतात त्या दुखऱ्या कमरा, झिजलेले गुडघे आणि पक्षाघातानें लुळे पडलेले हात. यांपैकीं पुष्कळ दुःख घरच्या ओट्यावरच कमी करतां येतें. म्हणून आम्ही व्याख्यानें देत हिंडतों.

एडवण म्हणजे आशापुरी देवीचें गांव. पश्चिमेस समुद्र, उत्तरेस केळवें, दक्षिणेस वैतरणेच्या मुखाशीं दातिवरें, आणि आगगाडीसाठीं जावें लागतें सफाळ्यास. मासेमारी, भातशेती व वाडी यांवर येथील पोट चालतें. अशा ठिकाणीं शहरांतील व्याख्यान जसेंच्या तसें वाचून दाखविणें म्हणजे श्रोत्यांचा वेळ फुकट दवडणें होय. आषाढांत आवणी चालू असतां सभा बोलावणाऱ्यास रिकाम्या सतरंजीपुढें बोलावें लागेल. कोळी-मांगेल्यांच्या वस्तींत तर पंचांगच पाहावें. डोल जाळें पाण्याच्या ओढीवर चालतें; म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणांत होड्या समुद्रावर असतात, आणि अष्टमीच्या सुमारास भांग आला कीं माणसें घरीं सांपडतात. तीच आमच्या सभेची तिथि. केवळ रविवार पाहून सभा ठरविणारे पाहुणेहि आम्हीं पाहिले आहेत. शाल-श्रीफळ वेळेवर येतें, श्रोते तेवढे येत नाहींत.

‘वांकूं नका, ओझें उचलूं नका, मांडी घालून बसूं नका’ असा निषेध सांगणें फार सोपें. परंतु जिचा दिवस चिखलांत वांकून रोप लावण्यांत किंवा डोक्यावर चुंबळ ठेवून पाटी वाहण्यांत जातो, तिला ‘वांकूं नको’ म्हणणें म्हणजे ‘जेवूं नको’ म्हणण्यासारखेंच. म्हणून आम्ही आधीं बोलत नाहीं. भरलेली पाटी मागवितों आणि ‘ही कशी उचलतां, तें दाखवा’ म्हणतों. एखादी आजी पुढें येते, बायका हंसतात, आणि तेथेंच शिक्षणास आरंभ होतो. पाटी अंगाशीं धरावी, गुडघे वांकवून उठावें, उचलतांना कमरेंत पिळूं नये, डोक्यावर चढवितांना दुसरीचा हात घ्यावा. आवणींत दर अर्ध्या तासानें उभें राहून, दोन्ही हात कमरेवर ठेवून, पांच-दहा वेळां मागें झुकावें. यास पैसा लागत नाहीं, खुर्ची लागत नाहीं.

गुडघ्यांविषयीं सर्वांत हट्टी समजूत ही कीं, वंगण आटलें आहे, चाललें तर उरलेलेंहि झिजेल. सांध्यांतील कूर्चेस स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात; सांध्यांतील द्रवांतून तिला पोषण मिळतें, आणि तें पोंचतें हालचालीनें. मांडीचे स्नायू दुबळे झाले कीं गुडघ्यावरचा ताण वाढतो. ओट्यावर बसून पाय गुडघ्यांत सरळ करावा, पांच अंक मोजेपर्यंत धरावा, हळू खालीं आणावा. असें दहा वेळां, दोन्ही पायांनीं, सकाळ-संध्याकाळ. फळ दिसण्यास आठवडे लागतात हें आधींच सांगावें, नाहींतर चौथ्या दिवशीं व्यायाम सुटतो. सुनेसहि सभेस बोलवावें. सासूस ती दहा मिनिटें मिळणार कीं नाहीं तें बहुधा तिच्याच हातीं असतें. कमरेच्या साध्या दुखण्यांतहि दिवसचे दिवस अंथरुणांत पडून राहण्यापेक्षां झेपेल तेवढें हिंडणें अधिक हितकर, असें आतां वैद्यकशास्त्र मानतें. मात्र पायांतील बळ जाऊं लागलें, लघवीवरील ताबा सुटला किंवा बरोबर ताप येऊं लागला, तर व्यायाम बाजूस ठेवून तत्काळ डॉक्टरांकडे जावें. हें न सांगणारें व्याख्यान धोक्याचें.

सर्वांत कळकळीनें आम्ही बोलतों तें पक्षाघाताविषयीं. तोंड वांकडें होणें, उचललेला एक हात खालीं पडणें, बोलणें अडखळणें, यांपैकीं एक जरी एकाएकीं दिसलें तरी प्रथम घड्याळ पाहावें. मेंदूंतील गुठळी विरघळविण्याचें औषध साधारणतः साडेचार तासांच्या आंतच देतां येतें, आणि तेंहि मेंदूचें चित्र काढून रक्तस्राव नाहीं अशी खात्री झाल्यावर. त्यासाठीं येथून पालघर वा विरारची वाट धरावी लागते. तेल चोळण्यांत व कोणा जाणत्याची वाट पाहण्यांत दोन तास गेले तर उरतें काय? पुढें घरीं आणलेल्या रोग्यास लुळा हात धरून ओढून उठवितात, तेंहि घातक. त्या खांद्यास स्नायूंचा आधार राहिलेला नसतो. सांधा निसटतो, आणि वेदना महिनोन् महिने छळते. रोग्यास कुशीवर वळवून, पाठीमागें हात घालून बसतें करावें. हें आम्ही एका धडधाकट तरुणास निजवून दाखवितों, आणि मग प्रत्येक घरांतील एकाकडून करवून घेतों. शंभरांपुढें एकदां बोलण्यापेक्षां दहाजणांकडे तीनदां जाणें आम्हांस पसंत आहे तें याचसाठीं: दुसऱ्या खेपेस त्यांचा हात कोठें जातो तें पाहिल्याशिवाय पहिल्या खेपेस काय कळलें तें समजत नाहीं.

निघतांना १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक दाराच्या आंतल्या बाजूस खडूनें मोठा लिहावयास सांगतों. घाईच्या वेळीं क्रमांक आठवत नाहीं, आणि त्या वेळीं घरीं आजीजवळ एकटें नातवंडच असूं शकतें.