तापीची वाळू आणि खंभातचे दांडे

नंदुरबारला समुद्र नाही, पण आपली वाळू समुद्रापर्यंत गेलेली आहे. प्रकाशा इथे तापी-गोमाईच्या संगमावर कोरड्या वाळूत लोहचुंबक फिरवून पाहा. बारीक काळे कण त्याला चिकटून येतात. ते मॅग्नेटाइट, काळ्या पाषाणातून झिजून सुटलेले. तापी पुढे सुरत ओलांडून डुमसजवळ खंभातच्या आखातात उतरते. अक्राणी-अक्कलकुव्याच्या कडेने वाहणारी नर्मदाही भरूचखाली त्याच आखाताला मिळते.

हे आखात नरसाळ्यासारखे आहे. आत शिरणारे पाणी जागा अपुरी पडल्याने चढत जाते, म्हणून उधाणाला भावनगरजवळ भरती-ओहोटीतला फरक १० मीटरांहून अधिक होतो. एवढे पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर धावले की तळाची वाळू स्वस्थ बसत नाही. आखाताच्या तोंडाशी समुद्रबूड जमिनीवर तिचे लांबच लांब दांडे झालेले आहेत. सागरी नकाशांत त्यांना मलाक्का बँक्स म्हणतात.

पाणी धावते तर वाळू पसरून सपाट का होत नाही? याचे गणित ब्रिटिश सागरशास्त्रज्ञ जॉन हथनान्स यांनी १९८२ साली मांडले. असे दांडे प्रवाहाला अगदी समांतर नसतात, किंचित तिरपे असतात. भरतीचे पाणी दांड्यावर चढू लागते तेव्हा खोली कमी होते, तळाचे घर्षण जाणवते आणि वेग मोडत जातो. चढाच्या बाजूला प्रवाह जोमात असतो, पलीकडच्या उतारावर तो मंदावलेला असतो. त्यामुळे जितकी वाळू माथ्यावर चढते, तितकी पलीकडे उतरत नाही. ओहोटीला हाच प्रकार उलट बाजूने घडतो. येताना आणि जाताना, दोन्ही वेळा भर माथ्यावरच पडते! मला यातले हे सर्वांत विलक्षण वाटते.

या वाढीला आवर घालतो तो वारा. नैर्ऋत्य मोसमी वारे सुटले की लाटांची घुसळण खाली पोचते आणि उथळ माथ्यावरची वाळू आधी उसकटते. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर मात्र वादळी वाऱ्यांनी ढकललेले प्रवाहच असे दांडे घडवतात.

आता आपल्याकडे वळू. १९७२ साली तापीवरचे उकाई धरण पूर्ण झाले, आणि पुराबरोबर खाली जाणारी बरीच वाळू जलाशयात अडू लागली. वरच्या पात्रातून आपण ती उपसतो, ते वेगळेच. पाण्याच्या वाट्यासाठी आपण राज्याराज्यांत भांडतो. वाळूचा हिशेब कोणी मागत नाही. तो मागितला पाहिजे. वाळूघाटाचा लिलाव पुकारण्याआधी त्या वर्षीच्या पुराने किती वाळू आणली, हे मोजले जावे. सारंगखेडा आणि प्रकाशा इथे बॅरेज आहेतच. मोजणीची सुरुवात तिथूनच करता येईल.