वजावट कोणाची आणि भुर्दंड कोणाला?

मोटारीचा विमा हा मोटारवाल्यांचा प्रश्न आहे, अशी कार्यकर्त्यांची समजूत असते. परंतु मोटार ज्याच्या मालकीची तो पुष्कळदा मागच्या आसनावर बसलेला असतो, आणि अपघाताच्या क्षणी चाक ज्याच्या हाती असते तो पगारी नोकर असतो. ‘चूक तुझी, तेव्हा पैसे तूच भर’ या न्यायाने त्याच्या पगारातून महिनोन्‌महिने रक्कम कापली जाते. विमा कंपनीने मालकाला काय दिले, याचा त्याला पत्ताही नसतो.

येथे दोन विमे वेगळे ओळखले पाहिजेत. 1988 च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा केलेला विमा त्रयस्थासाठी आहे. जखमी पादचाऱ्याच्या भरपाईतून वजावट होत नाही. वजावट, म्हणजे ज्याला कंपन्या ‘डिडक्टिबल’ किंवा ‘एक्सेस’ म्हणतात ती, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात असते. खाजगी मोटारीचे इंजिन 1500 घनसेंटिमीटरपर्यंत असेल तर सक्तीची वजावट 1,000 रुपये, त्याहून मोठे असेल तर 2,000 रुपये. प्रत्येक दाव्यात एवढी रक्कम मालकाने सोसायची. याखेरीज मालक स्वखुशीने जादा वजावट पत्करू शकतो आणि त्या मोबदल्यात हप्त्यात सूट मिळवतो. 2002 च्या दरपत्रकात 5,000 रुपयांच्या ऐच्छिक वजावटीला 25 टक्के, पण फार तर 1,500 रुपये, सूट होती. 2007 पासून दर ठरविणे कंपन्यांवर सोपविण्यात आले.

या तत्त्वाला समाजवाद्याने हरकत घेण्याचे कारण नाही. किरकोळ ओरखड्यांचे दावे तपासण्याचा खर्च भरपाईहूनही अधिक व्हायचा, आणि तो अखेर सर्वांच्या हप्त्यातून निघायचा. स्वतःच्या खिशाला थोडी झळ लागणार असेल तर माणूस जपून वागतो, हेही खरे. मात्र ही झळ विमेदाराने सोसायची, हे त्यात गृहीत आहे.

शिवाय वजावट ही शिक्षा नव्हे. चालकाची चूक असली तरी मालकाचा दावा मंजूर होतो. दारूच्या अमलाखाली किंवा परवान्यावाचून गाडी चालविली असेल तर गोष्ट निराळी. उलट, चूक समोरच्याची असली तरी स्वतःच्या कंपनीकडे दावा केला की वजावट सुटत नाही. ती समोरच्याकडून वसूल करण्याचा मार्ग कायद्यात आहे, पण चारपाच हजारांसाठी न्यायाधिकरणाची पायरी चढतो कोण?

आता एक कल्पित हिशेब मांडू. एका संस्थेची साडेतीन वर्षांची लहान मोटार चालकाच्या चुकीने खांबावर आदळली. प्लास्टिकचा बंपर 12,000, बॉनेट आणि इतर पत्रा 16,000, मजुरी 10,000. एकूण 38,000 रुपये. प्लास्टिकवर 50 टक्के घसारा, म्हणजे 6,000. या वयाच्या गाडीच्या पत्र्यावर 25 टक्के, म्हणजे 4,000. त्यातून सक्तीची वजावट 1,000 आणि ऐच्छिक 5,000. कंपनी देणार 22,000. मालकाकडे उरले 16,000. शून्य घसाऱ्याचे जादा कवच घेतले असते तर तेही 6,000 वर आले असते.

चालकाकडून 38,000 वसूल करणारा मालक एकाच नुकसानीचे पैसे दोनदा घेतो, हे उघडच आहे. पण 16,000 मागणाऱ्याचा हिशेब तरी सरळ आहे काय? घसाऱ्याच्या 10,000 च्या बदल्यात मालकाला जुन्या भागांच्या जागी नवे मिळाले. ऐच्छिक वजावटीचा सौदा त्याने कंपनीशी केला, सूट त्याने घेतली. तिचा एक रुपयाही चालकाला दिला नाही, आणि जोखीम मात्र चालकाच्या पदरात घातली! ‘नो क्लेम बोनस’ बुडतो ही तक्रार तेवढी खरी आहे. सलग पाच वर्षे दावा न केल्यास हप्त्यात 50 टक्क्यांपर्यंत मिळणारी ती सूट एका दाव्याने जाते. परंतु म्हणूनच कित्येक मालक दावाच करीत नाहीत. विमा शाबूत राहतो आणि चालकाचा पगार हाच विमा होऊन बसतो.

नुकसानीपोटी वेतनातून कपात करायची तर ते नुकसान कामगाराच्या हयगयीने झालेले असले पाहिजे, कपात मालकाच्या प्रत्यक्ष नुकसानीहून अधिक असता कामा नये, आणि तत्पूर्वी कामगाराला बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे, असा दंडक 1936 च्या वेतन प्रदान अधिनियमाने घातला. 2019 च्या वेतन संहितेतही तो कायम आहे. तेव्हा कपातीची नोटीस आली की चालकांच्या संघटनेने मालकाकडे दोन कागद मागावेत: ऐच्छिक वजावटीचा आकडा दाखविणारी पॉलिसी, आणि दाव्यात कंपनीने काय मंजूर केले त्याचा तक्ता. दावाच केला नसेल तर तो का केला नाही, हे लेखी विचारावे.

घरगुती गाडीवरच्या चालकाचे काय, हा प्रश्न अधिक बिकट आहे. त्याच्या नोकरीला हजेरीपट नाही, पगाराची पावती नाही, आणि कामगार कायद्याचे हे छत्र सहसा त्याच्यापर्यंत पोचत नाही. मालकाच्या बंगल्यावर जाऊन हे दोन कागद मागण्याचे काम तेथे कार्यकर्त्यालाच करावे लागेल.