छातीचा आवाज आणि छातीचे मौन

(सायखेडा येथे रुग्णालयाच्या वार्षिक सभेत वैद्यकीय अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षभरात किती रुग्ण तपासले, किती खर्च झाला, याचा हिशेब या अहवालात अन्यत्र आहेच. मला दिलेल्या वेळात मी आपल्याच एका प्रश्नाचे उत्तर देणार आहे. एखाद्या रुग्णाची छाती तपासून मी कानातील नळी काढतो न काढतो तोच शेजारी उभे असलेले नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, छाती साफ आहे ना?" या 'साफ' शब्दामागे आम्ही नेमके काय ऐकत असतो, ते आज सांगावयाचे आहे.

स्टेथोस्कोपचा जन्म १८१६ साली पॅरिसमध्ये झाला. त्यापूर्वी वैद्य रुग्णाच्या छातीला थेट कान लावीत. रेने लेनेक या डॉक्टरांपुढे एक स्थूल तरुणी तपासणीसाठी आली, तेव्हा कान लावणे त्यांना प्रशस्त वाटेना. त्यांनी कागदाची घट्ट सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर व दुसरे आपल्या कानाला लावले, आणि आवाज पूर्वीपेक्षा स्पष्ट ऐकू आला. पुढे त्यांनी लाकडी नळी घडविली आणि १८१९ साली छातीतील आवाजांवर ग्रंथ लिहिला. ज्या क्षयरोगाचे आवाज त्यांनी जगाला ओळखावयास शिकविले, त्याच रोगाने १८२६ मध्ये त्यांचा अंत झाला.

रोगट आवाज ओळखण्यापूर्वी निरोगी आवाज कानात पक्का बसावा लागतो. निरोगी फुप्फुसावर नळी ठेवली असता उभ्या पिकातून वाऱ्याची झुळूक जावी तसा मऊ, सलग आवाज येतो. श्वास आत घेताना तो स्पष्ट व लांब असतो. सोडताना आखूड होत विरून जातो. गळ्याखाली मुख्य श्वासनलिकेवर मात्र पोकळ व मोठा आवाज येतो, आणि तेथे तो असणे हेच योग्य. म्हणजे कोणता आवाज आहे, याइतकेच तो कोठे आहे, यालाही महत्त्व आहे. तोच पोकळ आवाज पाठीवर खालच्या बाजूस ऐकू आला, तर तेथील हवेने भरलेले वायुकोश न्यूमोनियाने घट्ट झाले असावेत, अशी शंका येते; कारण घट्ट झालेले फुप्फुस नळीतील आवाज अधिक चांगला बाहेर पोहोचविते.

म्हणूनच आम्ही डावी-उजवी बाजू आळीपाळीने, एकाच उंचीवर ऐकतो. फुप्फुसाचा खालचा भाग मुख्यतः पाठीकडे असल्याने पाठ तपासल्यावाचून छाती तपासली असे म्हणता येत नाही. तोंड उघडून दीर्घ श्वास घेण्यास सांगतो. स्वेटर, शाल बाजूला करण्याची विनंती करतो, कारण कापड घासल्याचा आवाज छातीतील आवाजासारखाच भासतो. ही विनंती आपणांपैकी काहींना अवघड वाटते, याची मला जाणीव आहे.

आता रोगट आवाजांविषयी. श्वास सोडताना शिट्टीसारखा सूर निघाला, तर लहान श्वासनलिका आकसल्या आहेत असे समजावे. दम्यात हे नेहमी आढळते. जाड, घोरल्यासारखी घरघर मोठ्या नलिकांतील कफामुळे होते व पुष्कळदा खोकल्यानंतर बदलते किंवा नाहीशी होते. कानाजवळ केसांची बट बोटांत चोळावी तशी बारीक करकर श्वास घेताना ऐकू आली, तर न्यूमोनिया, हृदय दुबळे झाल्याने फुप्फुसात साचलेले पाणी किंवा फुप्फुसाचे कठीण होणे, यांचा विचार करावा लागतो. नवी वहाण करकरावी तसा आवाज फुप्फुसावरील आवरणास सूज आल्याचा असतो. आणि श्वास आत घेतानाच गळ्यातून कर्कश आवाज येत असेल, तर वरचा मार्ग अरुंद झाला आहे, असे धरून क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. लहान मुलाच्या एका बाजूचाच आवाज मंद असेल, तर आम्ही पहिला प्रश्न विचारतो, "खेळताना शेंगदाणा वगैरे तोंडात होता का?"

येथपर्यंत ऐकून असे वाटेल की आवाज आला म्हणजे रोग आणि आवाज गेला म्हणजे आराम. तसे नाही, हे मला एका रात्रीने शिकविले. मी तेव्हा शिकाऊ डॉक्टर होतो. दम्याने बेजार झालेली एक तरुण स्त्री दाखल झाली. तिच्या छातीतील शिट्ट्या नळीवाचूनही ऐकू येत होत्या. औषध दिले. काही वेळाने पुन्हा तपासले तर शिट्ट्या थांबलेल्या. मी तिच्या आईस सांगितले, "आवाज गेला, आता आराम पडेल." माऊलीने हात जोडले. पण तेथील अनुभवी परिचारिकेचे लक्ष रुग्णाच्या चेहऱ्याकडे होते. ती म्हणाली, "डॉक्टर, ही एक शब्दही पुरा बोलत नाही, आणि तिला ग्लानी येते आहे." वरिष्ठ धावत आले. छातीत हवाच शिरत नव्हती. शिट्टी वाजावी एवढासुद्धा वारा नलिकांतून वाहत नव्हता. कृत्रिम श्वासाची व्यवस्था वेळेवर झाली म्हणून ती वाचली. वैद्यकात या अवस्थेला 'मूक छाती' म्हणतात. मी आवाज ऐकला होता, रुग्णाकडे पाहिले नव्हते. त्या माऊलीचे जोडलेले हात मी विसरलेलो नाही.

नळीला मर्यादा आहेत, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. क्षयरोगाच्या आरंभी छाती पूर्णपणे 'साफ' ऐकू येऊ शकते. म्हणून दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर थुंकीची तपासणी व एक्स-रे टाळू नयेत. २०२० व २०२१ साली कोविडच्या काळात संरक्षक पोशाखामुळे नळी वापरणे कठीण झाले होते. काही रुग्ण शांतपणे बोलत असत आणि बोटाला लावलेले ऑक्सिमीटर मात्र रक्तातील प्राणवायू धोक्याच्या पातळीवर घसरल्याचे दाखवीत असे. कान, डोळे आणि यंत्र यांनी एकमेकांची साक्ष तपासावी, हाच त्या काळाचा धडा.

आणि नळी नसतानाही बरेच काही करता येते, हे महाराष्ट्रानेच दाखवून दिले आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातील आरोग्य कार्यकर्त्यांना व दायांना बालकांतील न्यूमोनिया ओळखून औषध देण्यास शिकविले. ज्यांना मोठे आकडे मोजता येत नसत, त्यांच्यासाठी मणी सरकवून श्वास मोजण्याचे साधे उपकरण बनविले. या प्रयोगाचा वृत्तांत १९९० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जेथे ही सेवा पोहोचली, त्या गावांत न्यूमोनियाने होणाऱ्या बालमृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांच्या निम्म्याहूनही कमी होते.

हे मोजमाप प्रत्येक घरात करता येते. बाळ शांत असताना त्याच्या पोटाकडे पाहून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आतील बाळात ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळात ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा अधिक श्वास भरले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, बाळ अंगावर पीत नसेल, ओठ निळसर असतील किंवा ते मलूल पडले असेल, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये.

आपल्या भागात हे सर्व अधिक जपावे लागते. थंडीत निफाड तालुक्याचा पारा किती उतरला, हे दरवर्षी वर्तमानपत्रांत झळकते. त्याच दिवसांत दारे-खिडक्या बंद करून घरात चूल पेटते. कांद्याच्या चाळीत व खळ्यावर धूळ उडते. आयुष्यात कधी विडी न ओढलेल्या माता-भगिनी धुरामुळे दम लागून आमच्याकडे येतात आणि म्हणतात, "वयाने होत असेल." तो केवळ वयाचा दोष नसतो. फवारणी करताना व कांदा निवडताना नाक-तोंड झाकावे, स्वयंपाकघरातील धुराला वाट करून द्यावी, आणि दम्याचा पंप बरे वाटले म्हणून मनाने बंद करू नये.

शेवटी विश्वस्त व देणगीदारांपुढे एक लहानसे मागणे ठेवतो. मोठी यंत्रे आपण दिलीत, त्यांचा उपयोग होत आहे. आता मला दार बंद होईल अशी, पडदा असलेली, एक शांत तपासणीची खोली हवी आहे. रांगेच्या गलबल्यात बाळाच्या छातीतील बारीक करकर निसटून जाते, आणि आडोसा नसल्याने स्त्रिया शाल बाजूला करण्यास संकोचतात. हा दोष त्यांचा नव्हे, आपल्या व्यवस्थेचा आहे.

नातलगांनाही एक विनंती. पुढच्या वेळी "छाती साफ आहे ना?" असे अवश्य विचारा. पण त्यासोबत रात्री झोप लागली का, चालताना दम लागतो का, पुरे वाक्य बोलता येते का, हे आपणहून सांगा. आम्ही नळीतून काही क्षण ऐकतो. आपण त्या माणसाचा श्वास रात्रंदिवस ऐकत असता. आपले ऐकलेले आणि आमचे ऐकलेले एकत्र आले, म्हणजेच निदान पुरे होते.